तापली की बंद पडणारी पद्मिनी: काय तपासावे, कोणता पार्ट दुकानातून घ्यावा आणि कोणता पार्सलने मागवावा

लक्षणे

सकाळी ही जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार एकाच सेल्फला सुरू होते आणि गावातल्या गावात दिवसभर फिरवली तरी तक्रार करत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारच्या वेळी तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवल्यावर एखाद्या रेल्वे फाटकापाशी, टोलनाक्यावर किंवा घाटाच्या चढावर ती दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन जोरात फिरते, पण पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत थांबले की जणू काही झालेच नव्हते अशी ती सुरू होते आणि पुढच्या वीस किलोमीटरवर पुन्हा तोच प्रकार घडतो. अमळनेरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी हा आजार एका वाक्यात सांगितला होता: ‘गाडी तपनी का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस.’

याच्याशी मिळतेजुळते दिसणारे, पण वेगळे असलेले दोन प्रकार आधी बाजूला काढावेत. पहिल्या प्रकारात गाडी चालताना बंद पडत नाही. चहापाण्यासाठी दहा मिनिटे थांबले आणि परत किल्ली फिरवली की मात्र सुरू होत नाही, आणि बॉनेटखालून पेट्रोलचा वास येतो. दुसऱ्या प्रकारात गरम इंजिनावर सेल्फच जड फिरतो किंवा नुसता ‘टक’ आवाज येतो. हा दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा नसून बॅटरीचे टर्मिनल, इंजिनची अर्थिंग पट्टी किंवा सेल्फ मोटर यांचा असतो, आणि टर्मिनल व अर्थिंग घासून स्वच्छ करून पुन्हा घट्ट आवळल्याने तो बहुतेक वेळा सुटतो. तुमच्या गाडीचे लक्षण नेमके कोणते आहे हे कागदावर लिहून ठेवावे, कारण थंड झालेल्या गाडीजवळ उभे राहून मिस्त्रीला सांगताना आपण हमखास काहीतरी विसरतो.

माझ्याकडे अनेक वर्षांपासून १०८९ सीसी इंजिनाची पद्मिनी आहे, आणि जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे या भागातील ओळखीच्या मंडळींच्या पद्मिनी, अँबॅसिडर आणि जुन्या पेट्रोल जीपवर हाच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की त्याचे फोन येणार हे मी धरूनच चालतो. माहेरवाशिणींना आणायला-पोहोचवायला जुन्या गाड्या नेमक्या त्याच दिवसांत बाहेर निघतात, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. या अनुभवातून माझे एक ठाम मत बनले आहे: हा बिघाड शोधणे फारसे अवघड नाही. तो दरवर्षी परत येतो, याचे कारण दुरुस्तीच्या वेळी बसवलेला पार्टच चुकीचा, शिळा किंवा बनावट असतो. म्हणून तपासणीबरोबरच तो पार्ट कुठून घ्यावा याचाही विचार येथे केला आहे.

विनाखर्चाच्या तपासण्या

सर्व तपासण्यांना एकच अट आहे. त्या गाडी बंद पडलेली असताना, तिथल्या तिथे करायच्या असतात. गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेली तर सर्व काही व्यवस्थित दिसते आणि मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत राहतो.

गाडी बंद पडताच सर्वप्रथम पेट्रोल टाकीचे झाकण उघडावे. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा ‘स्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीला हवा मिळत नव्हती हे निश्चित. पंप जितके पेट्रोल ओढतो तितकी हवा टाकीत शिरली पाहिजे. ती शिरली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि काही वेळाने पंपाची ताकद कमी पडते. अर्धा तास थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, गाडी सुरू होते आणि आपण समजतो की ती थंड झाल्यामुळे सुरू झाली. पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून बाजारातून घेतलेल्या कुलपाच्या झाकणाला हवेचे छिद्रच नसल्याचे मी तीन गाड्यांवर पाहिले आहे. या तपासणीला पैसा लागत नाही, म्हणून ती पहिली.

दुसरी तपासणी ओल्या फडक्याची. पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ओले फडके ठेवावे आणि त्यावर थोडे थोडे पाणी सोडावे. पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) किंवा प्लगच्या वायरींवर उडू देऊ नये, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तर अजिबात ओतू नये, कारण त्याचे ओतीव लोखंड (बीड) तडकू शकते. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती असे समजावे. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असते आणि त्यातील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या पोटात वाफ शिरली की तो ती नुसतीच दाबत आणि सोडत राहतो, आणि कार्बोरेटर कोरडा पडतो.

तिसरी तपासणी ठिणगीची. डिकीत एक चांगला जुना प्लग नेहमी ठेवावा. बंद पडलेल्या गाडीच्या एका सिलिंडरची प्लग-वायर काढून ती या प्लगला लावावी, प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला नीट टेकवून ठेवावे, हात दूर ठेवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी निळसर, जाड आणि ‘चट्‌ चट्‌’ आवाज करणारी असेल तर दोष पेट्रोलकडे आहे. ती पिवळट, बारीक, मध्येच तुटणारी असेल किंवा नसेलच, तर दोष विजेकडे आहे. जवळपास पेट्रोल गळत असेल किंवा त्याचा दाट वास येत असेल तर ही तपासणी अजिबात करू नये. या एका मिनिटाच्या पाहणीने शोधाची दिशा ठरते, आणि ती न केल्यामुळे ठिणगीचा दोष असलेल्या गाडीत लोकांनी पंप बदलल्याचे मी पाहिले आहे.

दुकान की पार्सल

येथून पुढे पैसे खर्च होणार आहेत, म्हणून पार्ट कुठून घ्यावा हे आधी सांगतो.

पद्मिनी ही मूळ फियाट ११०० डिलाइट; मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. त्यानंतरही बरीच वर्षे पार्टची चणचण भासली नाही, कारण मुंबईत या गाडीच्या हजारो टॅक्सी धावत होत्या आणि त्यांच्यासाठी माल बनत होता. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली, आणि त्याबरोबर रोजचा खप संपला. आता बाजारात जे आहे ते एकतर जुन्या गोदामातला न वापरलेला माल, नाहीतर मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग, नाहीतर लहान कारखान्यांनी नव्याने बनवलेली नक्कल. तिन्हींचे गुणदोष वेगवेगळे आहेत.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारातली पार्टची दुकाने ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या आणि मोटारसायकली यांच्या मालाने भरलेली असतात. तिथे जाऊन ‘पद्मिनीचा अमुक पार्ट द्या’ असे म्हटले तर दुकानदार बहुतेक वेळा मान हलवतो. पण तीच वस्तू आपण हातात नेऊन माप किंवा नंबर सांगितला, तर ती मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ऑइल सीलचे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे माप असते. फॅन बेल्टवर त्याचा आकार छापलेला असतो. स्पार्क प्लगला नंबर असतो. पाण्याच्या मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे बेअरिंग विकणाऱ्या दुकानात पद्मिनीचे बेअरिंग मिळते, कारण बेअरिंगला गाडीचे नाव ठाऊक नसते. म्हणून माझा पहिला नियम असा: जी वस्तू नंबराने किंवा मापाने मिळते ती गावातून घ्यावी, जी केवळ गाडीच्या नावाने मिळते, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, कार्बोरेटरचे जेट, पंपाची बॉडी, दरवाज्याचे हँडल, ती मुंबईहून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवावी.

दुसरा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. धातूला वय नसते, रबराला असते. पितळेचा जेट चाळीस वर्षे डबीत पडून राहिला तरी पितळच राहतो. पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) चाळीस वर्षे डबीत पडून राहिला तर तो कडक होतो आणि बसवल्यावर काही आठवड्यांत फाटतो. विक्रेता ‘कंपनीचा मूळ, सीलबंद माल’ म्हणून ज्या वस्तूसाठी जास्त पैसे मागतो, ती रबराची असेल तर तिचे सीलबंद असणे हाच तिचा दोष आहे. शिवाय त्या काळचे रबर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेले होते. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता सर्वत्र तेच मिळते. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, मऊ करते किंवा त्याच्या आतल्या थराचे कण सुटे करते, आणि ते कण पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. त्यामुळे रबर नेहमी नवे, तारीख पाहून आणि शक्यतो हातात घेऊन, वाकवून पाहून घ्यावे.

स्थानिक दुकानाचा खरा फायदा किमतीत नाही. किंमत कधी पार्सलपेक्षा कमी असते, कधी जास्त. फायदा असा की जुना पार्ट काउंटरवर ठेवून नवा शेजारी ठेवता येतो आणि संध्याकाळी नाही जमला तर परत नेता येतो. पार्सलच्या बाबतीत हीच तुलना आपल्याला मागवण्यापूर्वी करून घ्यावी लागते. मी विक्रेत्याला माझ्या जुन्या पार्टचे स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून काढलेले फोटो पाठवतो, दोन्ही बाजूंनी, कोरलेला नंबर स्पष्ट दिसेल असे; आणि त्याच्याकडूनही तसेच, त्याच्या हातातल्या वस्तूचे फोटो मागतो. जो विक्रेता छापील पुस्तकातला किंवा दुसरीकडून उचललेला फोटो पाठवतो त्याच्याकडून मी घेत नाही. पार्ट न जुळल्यास परत घेणार का आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी विचारून ठेवावे, पक्के बिल मागावे आणि पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. पार्सल यायला आठवडा लागेल असे धरून चालावे. म्हणजे आखाजीला गाडी काढायची असेल तर मागणी होळीच्या आसपास नोंदवावी.

विजेकडची तपासणी

ठिणगी कमजोर दिसली तर सर्वात आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला भाग पाहावा. टोपीच्या आत काळी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिथून वीज पळते आहे. रोटरवर चीर नाही ना, टोपीच्या मध्यावरचा कार्बनचा खुंट झिजून आत गेलेला नाही ना, हे पाहावे. मग पॉइंट (कॉइलची वीज तोडणारे-जोडणारे दोन संपर्क) उघडून त्यांची तोंडे पाहावीत. दोन्ही तोंडे राखाडी आणि सपाट असतील तर ठीक. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर डाळीच्या कणाएवढा उंचवटा असेल, किंवा तोंडे निळी-काळी पडली असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंटची फट फिलर गेजने मोजावी. ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, पण तुमच्या गाडीत कोणत्या बनावटीचा डिस्ट्रिब्युटर बसलेला आहे त्यानुसार तिच्यात फरक पडतो.

कंडेन्सरविषयी जरा थांबून सांगतो, कारण माझ्या अनुभवात गरम होऊन बंद पडणाऱ्या गाड्यांमध्ये सर्वाधिक वेळा दोषी तोच निघाला आहे. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना माझी गाडी अर्ध्यावर बंद पडली होती. वीस दिवसांपूर्वीच नवा कंडेन्सर बसवला होता, त्यामुळे माझे लक्ष तिकडे गेलेच नाही, आणि मी दीड तास पंपावर ओली फडकी ठेवत राहिलो. शेवटी टोपी काढून सेल्फ मारायला लावला तेव्हा पॉइंटच्या तोंडाशी भर दुपारीही दिसेल अशी पिवळी ठिणगी उडत होती. पॉइंट उघडताना तिथे वीज उडी मारणार नाही याची काळजी घेणे हेच तर कंडेन्सरचे काम. डिकीत पडलेला जुना, गंजलेला कंडेन्सर बसवला आणि गाडी घाट चढून गेली. तो नवा कंडेन्सर दूरच्या एका विक्रेत्याने पार्सलने पाठवलेला होता, जाड पुठ्ठ्याच्या सुबक डबीत, आणि ती डबी पाहूनच मी तो घेतला होता. घरी आल्यावर कापून पाहिला तर आत मेण लावलेल्या कागदाची गुंडाळी निघाली. असा कागद वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषतो. थंड असताना कंडेन्सर काम करतो आणि तापला की गळू लागतो.

म्हणून कंडेन्सर जुन्या साठ्यातला कधीही घेऊ नये. सध्या बनत असलेला, चालू मालाचा घ्यावा, आणि एक नव्हे, दोन घ्यावेत. त्याची क्षमता साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते आणि ती साध्या मीटरवर मोजता येते. पण मीटर फार कमी विद्युत दाबावर मोजतो, त्यामुळे मीटरवर बरोबर दिसलेला कंडेन्सर गाडीत तापल्यावर चांगला वागेलच असे नाही. खरी परीक्षा बदलून पाहण्याचीच. बसवल्यावर पहिल्या दुपारी गावाबाहेर पंधरा-वीस किलोमीटर जाऊन यावे, आणि मगच लांबच्या प्रवासाला निघावे.

त्यानंतर कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी. गाडी बंद पडल्यावर कॉइलला हात लावता येणार नाही इतकी ती तापलेली असेल, किंवा तिच्या तोंडाशी तेल पाझरलेले असेल, तर ती मोजावी. दोन्ही बारीक वायरी सोडवून त्या दोन टोकांमधला रोध मीटरने पाहावा. बॅलस्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रोधक) नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीत तो सुमारे ३ ओहम असायला हवा. तापल्यावर तो थोडा वाढतो, ते स्वाभाविक आहे. मीटरने काहीच दाखवले नाही आणि थंड झाल्यावर आकडा परत आला, तर आतली तार तुटलेली आहे आणि उष्णतेने ती फाकते आहे. येथे पार्सलची एक मोठी चूक वारंवार घडते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या कॉइल दोन प्रकारच्या असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या, बॅलस्टसोबत वापरायच्या कॉइलचा रोध सुमारे १.५ ओहमच असतो. ती आपल्या गाडीत थेट जोडली तर जवळपास दुप्पट करंट ओढते, तापते आणि पॉइंट जाळते. भुसावळच्या एका मित्राने दोन वर्षांत चार वेळा पॉइंट बदलले. पाचव्या वेळी मी कॉइल मोजली तेव्हा कारण सापडले. कॉइल सहसा स्थानिक दुकानात मिळते, आणि मीटर बरोबर नेऊन काउंटरवरच ती मोजून घ्यावी. चांगला दुकानदार याचा राग धरत नाही.

पेट्रोलकडची तपासणी

ठिणगी चांगली असेल तर टाकीपासून पुढे सरकावे. रबरी नळ्यांचे तुकडे बोटांनी दाबून पाहावेत. चिरा पडलेल्या, कडक किंवा उलट चिकट झालेल्या नळ्या ताबडतोब बदलाव्यात. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीला चीर असेल तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, कारण तिथे ओढ असते. तिथून हवा आत जाते, आणि बाहेरून सर्व कोरडे दिसत असल्यामुळे हा दोष लपून राहतो. पारदर्शक फिल्टर असेल तर गाडी चालू ठेवून त्यात बुडबुड्यांची रांग दिसते का ते पाहावे. नवी नळी फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांसाठी मिळते ती घ्यावी. तिच्यावर ‘एसएई जे३० आर९’ अशी खूण छापलेली असते आणि तिचा आतला थर इथेनॉलला दाद देत नाही. ही नळी जिल्ह्याच्या गावी मिळते, मीटरवर कापून मिळते, आणि म्हणून ती पार्सलने मागवण्याचे काहीही कारण नाही. फिल्टर इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळ लटकत असेल तर तो दूर हलवावा.

आता पंप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणतात. ही तपासणी इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या जागेत, जवळ विडी-सिगारेट किंवा पेटती वस्तू नसताना करावी. कॉइलची मधली जाड वायर काढून ती बाजूला अर्थ करून ठेवावी, कार्बोरेटरकडची नळी सोडवून तिचे टोक काचेच्या बाटलीत सोडावे आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरदार पिचकारीसारखे आले पाहिजे. धार मंद असेल किंवा फेस येत असेल तर डायफ्रॅम किंवा आतले व्हॉल्व्ह कमजोर आहेत. डायफ्रॅम काढल्यावर तो उन्हाकडे धरून, कडा हलक्या ताणून पाहावा. नुसत्या नजरेला अखंड वाटणाऱ्या पडद्यात मध्यभागाच्या चकतीलगत सुईच्या टोकाएवढी छिद्रे उजेडात चमकतात.

पंपाच्या बाबतीत दोन्ही बाजारांची सांगड घालावी लागते. जुन्या बनावटीच्या पंपाची बॉडी आणि दांडी नव्या नक्कलेपेक्षा सरस असते, म्हणून गाडीवरचा मूळ पंप फेकू नये. तो चांगल्या स्थितीत नसेल तर मोडीच्या गाडीवरचा पार्सलने मागवावा. डायफ्रॅमचा संच मात्र अलीकडे बनलेला आणि इथेनॉलला टिकणारा आहे, असे विक्रेत्याकडून लेखी घेऊनच मागवावा. पंप आणि इंजिन यांच्यामधले उष्णता अडवणारे जाड पॅकिंगही तितकेच महत्त्वाचे आहे. ते तुटले म्हणून काही ठिकाणी साधा पातळ कागद बसवून पंप आवळला जातो. त्यामुळे इंजिनाची उष्णता सरळ पंपात शिरते, आणि जाडी बदलल्याने पंपाच्या दांडीची चालही बदलते. जुन्या पॅकिंगची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीचे बसवावे.

थांबल्यावर पेट्रोलचा वास येऊन सुरू न होणारी जी गाडी सुरुवातीला बाजूला काढली होती, तिच्यात इंजिन बंद झाल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात उतरते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबू नये; तो एकदाच तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. हे रोज घडत असेल तर फ्लोटची सुई आणि तिची बैठक बदलावी. ही जोडी गाडीच्या नव्हे, कार्बोरेटरच्या नंबरावरून मागवावी.

इंजिन खरोखर जास्त तापते आहे का

वरचे सर्व करूनही नळीत पेट्रोलची वाफ होण्याची तक्रार राहिली तर पाण्याकडे वळावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. थंड असताना पाण्याची पातळी, बेल्टचा ताण आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, काडीकचरा पाहावा. आपल्याकडे बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय फार घातक आहे. त्याचा क्षार नळ्यांच्या आत बसतो आणि निम्मा रेडिएटर नुसता वजन म्हणून उभा राहतो. बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यासह गरम करून पाहावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे. रेडिएटर दुरून नवा मागवण्यापेक्षा गावातल्या रेडिएटरवाल्याकडून जुना पितळी रेडिएटर उघडून, साफ करून, झाळून घेणे मला नेहमीच चांगले वाटले आहे.

कुठे थांबावे

काही खुणा दिसल्या की स्वतःचा हात आवरता घ्यावा आणि गाडी चालवूही नये. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येत असेल तर फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. अशा ऑइलवर बेअरिंग जाते आणि आगीचाही धोका असतो. ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते काम टॉर्क पाना आणि हेडची पातळी तपासण्याची सोय असलेल्या ठिकाणीच झाले पाहिजे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टपकताना दिसले तर किल्ली बंद करावी, गाडीपासून दूर व्हावे आणि टो करून न्यावे. वायर जळाल्याचा वास आला तर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ठिणगी पडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग, मागे पडल्यानेही इंजिन तापते, पण ते टायमिंग लाइट असलेल्या जाणकाराकडूनच लावून घ्यावे.

मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो उपाय चालतो, पण अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विच, योग्य फ्यूज आणि कार्बोरेटरला सोसेल एवढाच दाब या तीन गोष्टी जमल्या नाहीत तर तो धोकादायक ठरतो, म्हणून तो स्वतः करू नये. ज्यांची गाडी पन्नास वर्षांपुढे गेली आहे आणि जे २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करू इच्छितात, त्यांनी तर असा बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारावे, कारण गाडी मूळ स्वरूपात असणे ही त्या नोंदणीची अट आहे.

याशिवाय कंडेन्सर, कॉइल आणि डायफ्रॅम हे तिन्ही खात्रीचे बसवूनही बिघाड परत आला, तर चौथा पार्ट मागवू नये. अशा गाडीत पंप हलवणाऱ्या कॅमची झीज, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टमधली ढिलाई किंवा टाकीतल्या पिकअप नळीवरचा गंज असे दोष निघतात, आणि ते इंजिन उघडू शकणाऱ्या मिस्त्रीचे काम आहे. त्याच्याकडे जाताना सुरुवातीला लिहून ठेवलेली लक्षणे, बदललेल्या प्रत्येक पार्टची तारीख आणि काढलेले सर्व जुने पार्ट एका पिशवीत घालून न्यावेत. जळलेल्या पॉइंटची तोंडे आणि डायफ्रॅमवरची छिद्रे पाहून अनुभवी मिस्त्रीला गाडी सुरू करण्याआधीच पुष्कळ काही कळते.